व्हिडिओच्या बाजूनं दिलेलं मत

माझं इंग्रजी कच्चं. प्रोग्रामिंग मी व्हिडिओ बघून शिकलो. समोरचा कुठं क्लिक करतो ते बघायचं, व्हिडिओ थांबवायचा, तसंच आपण करायचं. म्हणून प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या ज्या साइटवर मी रोज जायचो, तिथं व्हिडिओ धडे द्यावेत का अशी चर्चा निघाली, तेव्हा मी द्यावेत म्हणून लांबलचक लिहिलं. बऱ्याच जणांनी ते उचलून धरलं. मला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात धाराशिवच्या आमच्या छोट्या ऑफिसात एक बाई नव्यानं कामाला लागल्या. येडशीहून एसटीनं यायच्या. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. काय सांगायचं ते वहीत लिहून सांगायच्या. हे माहीत असूनही पहिल्या दिवशी मी सवयीनं त्यांना एका व्हिडिओची लिंक पाठवली. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि वही माझ्याकडं सरकवली. "बाण फिरताना दिसला. हा माणूस काय बोलतोय?"

मी ओशाळलो. ऐकून लिहून द्यायला बसलो. तासाभरात जेमतेम चार मिनिटांचं बोलणं उतरलं. तोवर त्यांनी त्याच साइटवरचं एक जुनं लेखी उत्तर शोधून काम संपवलं होतं.

"तुम्ही शिकलात कुठं?" मी वहीत विचारलं.

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. मग लिहिलं, "इथंच. इथं सगळे माझ्यासारखे. कुणीच बोलत नाही."

मी माझं मत उघडून त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी सावकाश वाचलं. "तुमचं खोटं नाही," त्यांनी लिहिलं, "पण उत्तरं व्हिडिओत गेली तर मी मागं राहीन."

संध्याकाळी जळकोटला घरी आल्यावर मी मत बदललं. व्हिडिओ असू द्या, पण त्यातला शब्द न् शब्द खाली लिहिलेला हवा, असं घातलं. एकानं विचारलं, "म्हणजे तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे?" पुढं चर्चा निर्णयाविना बंद झाली.

ऑफिसात नव्या लोकांसाठी मी आता व्हिडिओ बनवतो आणि खाली सगळं लिहितो. लोकांना देण्याआधी ते लिखाण त्या बाई तपासतात. पहिल्याच वेळी त्यांनी माझं अर्धं लिखाण खोडलं. "आता बघा", "म्हणजे कसं की" यांनीच पान भरलं होतं.