आजी, मोरचूद आणि चिमूटभर चुना

माझ्या आजीचा चेहरा मी एका रविवारी सकाळी, मुलुंडच्या आमच्या घरातल्या मोरीत, पूर्ण शुद्धीवर असताना पुसून टाकला.

आजी म्हणजे आईची आई. तिचा जन्मात एकच फोटो निघाला होता. गावात आलेल्या एका फिरत्या फोटोवाल्याने तिला खुर्चीवर बसवून काढलेला, काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा. निगेटिव्ह कधीच गहाळ झालेली. आईने लग्नानंतर तो फोटो लुगड्याच्या घडीत घालून मुंबईला आणला आणि तेव्हापासून तो कपाटात तसाच घडीत होता. असा फोटो कुठलाही शहाणा माणूस हातात घेतो, बघतो आणि परत देतो. मी तो सुधारायला घेतला!

कारण ऐंशीच्या दशकात मला फोटोग्राफी झाली होती. (गोवर होतो तशीच. फक्त गोवर उतरतो.) दर रविवारी मोरीच्या खिडकीला काळं कापड ठोकून मी आत बसायचो आणि घरातली तीन माणसं टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर माझ्या नावाने खडे फोडायची. त्यातच रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकात मला टोनिंग सापडलं. फोटोतलं काळं म्हणजे मुळात चांदी. फोटो तांब्याच्या द्रावणात बुडवला की काळ्याचा सुंदर विटकरी होतो. आणि द्रावणासाठी लागतं काय, तर एक-दोन पावडरी आणि मोरचूद, म्हणजे तांब्याचेच निळे खडे!

"आजीचा फोटो पिवळा पडत चाललाय," मी आईला म्हणालो. "त्याच्यावर तांबं चढवतो. झकास दिसेल."

"आहे तसा राहू दे."

"अगं, जगभर करतात!"

"जगाकडे असतील ढीगभर फोटो. माझ्याकडे हा एकच आहे."

तेवढ्यात माझी बायको शैला स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आधी कॉपी काढून ठेवा ना त्याची. मग त्या कॉपीवर काय ते करा."

त्या आठवड्यात आमच्या घरात बोललं गेलेलं हे एकमेव शहाणपणाचं वाक्य. म्हणूनच माझं डोकं फिरलं. "तुला यातलं काही कळतं का? कॉपीला मूळ फोटोची सर येत नाही!" असं तिच्यावर ओरडून मी तीन दिवस तोंड फुगवून बसलो. चौथ्या दिवशी आईने वैतागून फोटो माझ्यासमोर ठेवला. "संध्याकाळच्या आत परत हवा," एवढंच म्हणाली.

टोनिंगला अंधार लागत नाही, त्यामुळे मोरीचं दार उघडंच होतं. ट्रेमध्ये निळसर पाणी, पाण्यात आजी. दोन मिनिटांत तिच्या पदरावर विटकरी छटा आली, मग गालांवर आली. इतकी सुरेख की माझाच ऊर भरून आला! तेव्हाच फोटो बाहेर काढायला हवा होता. पण एवढी कला करायची आणि बघायला कोणी नाही, हे मला सोसेना. वरच्या मजल्यावर कांबळे राहायचा, त्यालाही कॅमेऱ्याचा नाद. कागदाच्या कडा वळू नयेत म्हणून मी आजीला पालथी घातली आणि जिना चढून त्याला बोलवायला गेलो. कांबळे दाढी करत होता. त्याच्या बायकोने चहा पुढे केला. मी प्यायलो! (अजूनही तो चहा आठवला की मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.)

खाली वडील हात धुवायला मोरीत गेले. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. उभी हयात गिरणीत गेली, पण जन्म सुपारीच्या बागेतला. त्यांना दिसलं निळं पाणी, तळाशी कुठलासा कोरा कागद आणि शेजारी मोरचुदाची पुडी. आता सुपारी गळू नये म्हणून मोरचूद फवारतात, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि त्यात चुना घातला नाही तर पानं जळतात, हेही. पारख सोपी आहे. पाण्यात लोखंडी पातं बुडवायचं, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी. भाऊंनी शैलाची सुरी आणून बुडवली. थर आला! भाऊंनी कमरेची तंबाखूची चंची सोडली, डबीतला सगळा चुना ट्रेमध्ये घातला आणि छान ढवळलं.

मी कांबळेला घेऊन आलो, तो अर्ध्या गालाला साबण तसाच. ट्रेमध्ये निळं ताक झालं होतं. मी कागद उलटा केला. खुर्चीचे हात होते, एक पाय होता, पदराचा काठ होता. वर चेहऱ्याच्या जागी फिकट निळा ढग.

कांबळेने वाकून बघितलं. "खुर्ची मस्त आलीय यार," तो म्हणाला. मी त्याला हाकलून दिलं.

मग मी भाऊंवर असा तुटून पडलो की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात जमले.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला चुना घालायला?"

"सुरयेर तांबा चढला! चुनो नाय तर पानां जळतली!"

"कसली पानं? मोरीत बाग आहे का आपली?"

"सुनेच्या गुलाबाक मारूक केलंस, असा वाटला माका! तेच्यात तुझी आजी आसा म्हणान माका काय सपान पडला?"

"विचारायचं तरी!"

"तू खंय होतंस विचारूक? चाय पित होतंस!"

एवढ्यात आई आली. तिने ओला कागद माझ्या हातातून घेतला, पदराने टिपला, उजेडात धरला. मी घाईघाईने म्हणालो, "आई, भाऊंनी चुना..."

"गप्प बस!" आईचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "ह्यांना मोरचूद ठाऊक होतं, त्यांनी मोरचुदाचं केलं. तुला काय ठाऊक होतं रे? माझी आई पाण्यात ठेवून तू चहा प्यायला गेलास!"

लाज वाटत होती आणि लाज वाटतेय याचाच संताप येत होता.

"वर्सोव्याला जाऊन होड्या काढतोस. वाळत घातलेले बोंबील काढतोस. ह्या घरात बोंबलांचे सत्तावीस फोटो आहेत. माझे किती आहेत, सांग!"

मी मनातल्या मनात मोजायला लागलो. मोजण्यासारखं काही नव्हतं. माझ्या फोटोग्राफीत आईचा एकही फोटो नव्हता.

आई आत गेली. लुगडं नेसून, नथ घालून बाहेर आली आणि हॉलमधली खुर्ची भिंतीला लावून तिच्यावर ताठ बसली. "माझी आई अशीच बसली होती. मी तिच्यासारखीच दिसते म्हणतात. काढ. आणि धुतल्यावर त्याला काही फासायचं नाही!"

मी कॅमेरा डोळ्याला लावला. "आई, जरा हस ना," मी म्हणालो. ही त्या दिवसातली माझी शेवटची चूक.

तो फोटो आजही आमच्या हॉलमध्ये आहे. उत्तम आलाय, नथीचा मोतीन् मोती दिसतो. नवीन पाहुणा आला की त्याच्यासमोर उभा राहतो, दोन पावलं मागे सरकतो आणि हळूच विचारतो, "ह्या एवढ्या रागाने कोणाकडे बघतायत हो?"

मी म्हणतो, "फोटोग्राफरकडे. कोणीतरी नवशिक्या होता."