फ्रान्सिस अंकलचा शुक्रवार

गुड फ्रायडेला दुपारी तीन वाजले की सीवूड्सच्या आमच्या इमारतीत घरोघरची बेल वाजायची. दारात फ्रान्सिस अंकल, पांढऱ्या शर्टात, अनवाणी. "येशू गेला," ते हळू आवाजात सांगायचे. "आता रविवारपर्यंत वर कोणी नाय. सांभाळून ऱ्हा." गॅस बघा, गाडी काढू नका, खिळा ठोकू नका, असं बजावून ते पुढच्या दाराकडे वळायचे. लोक मागे हसायचे. मीही हसायचो.

अंकल मूळचे वसईचे. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर कुक होते. ईस्टरच्या कितीतरी रीती त्यांनी खलाशांकडून उचलल्या होत्या. लाल अंडी एका ग्रीक इंजिनियरची, ब्रेड आणि मिठाची टोपली पोलंडच्या कप्तानाची. ही धास्ती मात्र रेमी नावाच्या फिलिपिनो सोबत्याची. एका गुड फ्रायडेला जहाजाच्या रिकाम्या टाकीत उतरायला रेमीने नकार दिला होता. देव मेलेला असतो, आज नको, म्हणाला. अंकलनी सगळ्यांदेखत त्याची चेष्टा केली. रेमी चिडून उतरला. खालची हवा विषारी झालेली होती. मला हे सांगून अंकल एवढंच म्हणाले, "त्याला मी उतरवला."

दोन वर्षांपूर्वी मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सुट्टी म्हणून जमिनीखालची पाण्याची टाकी धुवायला मी नेमकी गुड फ्रायडेलाच माणसं बोलावली. दिघ्याहून दत्ता आणि त्याचा जोडीदार आले. अंकल खाली आले आणि टाकीच्या झाकणावर बसले. मी समजावलं, मग आवाज चढवला. सोमवारी करा, आधी दिवसभर झाकण उघडं ठेवून हवा जाऊ द्या, असं ते सांगत राहिले, पण उठले नाहीत. दत्ताचा दिवस फुकट जायला नको म्हणून मी मागच्या सोसायटीत फोन लावला. त्यांचीही टाकी धुवायची राहिली होती. दोघांना मी तिकडे पाठवलं. अंकलना वाटलं, माणसं घरी गेली.

तासाभरात तिकडून आरडाओरडा ऐकू आला. दत्ता टाकीत उतरला तो वर आलाच नाही. त्याला काढायला गेलेला जोडीदार कसाबसा वाचला.

"तू धाडलास?" अंकलनी विचारलं. मी हो म्हटलं. अंकलना आधीच कळतं, असं आता इमारतीत जो तो म्हणू लागला. अंकलनी दार लावून घेतलं.

ईस्टरच्या सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून ते माझ्याकडे आले आणि मला दिघ्याला घेऊन गेले. दत्ताची बायको भिंतीला टेकून बसली होती. साताऱ्याकडची. तिने एकच विचारलं, "काम तुमच्यात हुतं न्हवं? मग त्येंला तिकडं कुनी लावून दिलं?"

मी अंकलकडे बघितलं. अंकल तिच्यासमोर खाली बसले. "मी, बाई. मी काम करू दिलं नाय, म्हणून तो तिकडं गेला."

ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिने तोंड फिरवलं. मी उभाच होतो.

परतताना रिक्षात मी विचारलं, असं का सांगितलंत.

"तुझ्याच्यानं झालं नसतं," ते म्हणाले. "पण जा कधीतरी. एकटा जा."

पुढच्या ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होण्याआधीच अंकल झोपेत गेले. दिघ्याला मी अजून गेलेलो नाही.