मेंढीचं तोंड ओळखू येणारा कॅमेरा

मंचरला स्टँडजवळ माझं कॅमेऱ्यांचं छोटं दुकान आहे. मोबाइलच्या दिवसांत गिऱ्हाईक कमीच, पण जे येतं ते किस्सा ठेवून जातं. माझीही खोड वाईट. कशाचे फोटो काढणार, हे विचारल्याशिवाय मी कपाटाची काच सरकवत नाही.

*

अवसरीच्या एका बागायतदाराला उसातल्या बिबट्याचा फोटो हवा होता. झूम कळावा म्हणून मी त्याला समोरच्या टपरीखाली झोपलेल्या कुत्र्यावर कॅमेरा धरायला लावला. कुत्रं स्क्रीनभर झालं आणि नेमकी तेव्हाच त्यानं जांभई दिली. गडी दोन पावलं मागं!

"राव, ह्यो लईच जवळ आणतोय. घरी इचारून येतो," म्हणाला. अजून विचारतोच आहे.

*

एक पाव्हणे ऐन श्रावणात भीमाशंकरहून तणतणत आले. नवा कॅमेरा बिघडला, सगळे फोटो पांढरे. दुकानात काढून पाहिला तर फोटो लख्ख. तिकडं हवा कशी होती, मी विचारलं. हवा लई भारी, म्हणाले, शेजारी उभी असलेली बायकोसुद्धा दिसत नव्हती. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं.

*

हल्ली कॉलेजच्या पोरींना जुन्या धाटणीचे, खिशात मावणारे कॉम्पॅक्ट कॅमेरे लागतात. एकीनं निवडलेला बघून तिचे वडील म्हणाले, अस्साच तुझ्या बारशाला घेतला होता, पुढं भंगारात गेला. मग बारशाचे फोटो कुठायत, तिनं विचारलं.

"त्यातच व्हते," वडील म्हणाले. जाताना त्यांनी एक जादा मेमरी कार्ड मागून घेतलं.

*

धोंडिबा मेंढपाळ. दिवाळीनंतर नवराबायको कळप घेऊन कोकणात उतरतात. यंदा हौसाबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ती पहिल्यांदाच घरी राहणार होती. एकेक मेंढी तिनं नाव ठेवून वाढवलेली. मेंढरं दिसली नाहीत तर तिला घास जायचा नाही, म्हणून कॅमेरा हवा.

मी सोळा मेगापिक्सेलचा काढला. तो विचारात पडला.

"सोळाच मेंढ्या मावत्यात?"

कितीही मावतात, मी समजावलं. मग त्यानं अट सांगितली: प्रत्येक मेंढीचं तोंड वेगळं ओळखू आलं पाहिजे. मी दुकानातला सगळ्यात चांगला दिला.

महिन्याभरानं तो दोन दिवस घरी राहून परत निघाला, तेव्हा दुकानात डोकावला. मला राहवेना. बाईंनी ओळखल्या का मेंढ्या? ओळखल्या म्हणाला, नावं घेऊन, एकूण एक. मग तिनं सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून पाहिले आणि विचारलं, तांबडी कुठंय?

तांबडी घाट उतरताना दरीत पडून मेली होती. घरी त्यानं ते सांगितलं नव्हतं. हौसाबाई दोन दिवस जेवली नाही, त्याच्याशी बोललीही नाही.

धोंडिबानं कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, ह्याच्यापरास जरा कमी दिसणारा हाय का?"