सित्र्यासमोरचं धुकं
पेट्रोलचा वास आला की नव्वदच्या दशकातली, बहारीनमधली ती हिवाळ्यातली सकाळ आठवते. नवरा, त्याचा रत्नागिरीचा मित्र आणि मी सित्रा बेटावरून छोट्या होडीने हामूर मासे धरायला गेलो होतो. गळ टाकले आणि इतकं दाट धुकं उतरलं की होडीचं टोकही दिसेना. तेवढ्यात अगदी जवळ जहाजाचा भोंगा वाजला. मित्र इंजिनाची दोरी ओढत राहिला, पेट्रोलचा वास सुटला, पण इंजिन सुरू होईना. "भाबी, खाली बसा, घट्ट धरा!" तो ओरडला. जहाजाची काळी भिंत शेजारून सरकत गेली, लाटेने होडी कलंडली आणि कशीबशी सावरली. चारचौघांत मला कधी हात न लावणाऱ्या नवऱ्याने माझं मनगट धरलं होतं. धुकं विरल्यावर इंजिन सुरू झालं, पण किनारा लागेपर्यंत त्याने ते सोडलं नाही. त्याच्या बोटांचे वळ दोन दिवस माझ्या मनगटावर होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, त्यालाही नाही.