सर्व्हरचा कप्पा आणि तीन पायऱ्या

त्यांनी मला फसवलं. समोर बसून, शांतपणे, मला पत्ता लागू न देता.

"बसा. पाणी प्या. मग भांडा." गिऱ्हाईक दारात दिसलं की ते चष्मा कपाळावर ढकलायचे, ग्लास पुढे सरकवायचे आणि हे म्हणायचे. डोंबिवली पूर्वेला, रस्त्यापासून तीन पायऱ्या वर त्यांचं ऑफिस. नव्वदचं दशक सरत आलं होतं. ते एका कंपनीच्या सर्व्हरवरची जागा वेबसाइटसाठी विकत.

माझा रबरी वॉशरचा कारखाना, शून्यातून उभा केलेला. पहिली परदेशी ऑर्डर येऊ घातली होती. खरेदीदार म्हणाला, कॅटलॉग वेबसाइटवर टाका, बघतो आणि ठरवतो. साइट उघडली नाही तर ऑर्डर गेली.

त्यांनी समजावलं. स्वस्तातली जागा म्हणजे चाळीतला सामाईक नळ. शेजाऱ्याने बादली लावली की आपली धार बारीक. सर्व्हरचा वेगळा कप्पा घेतला तर यंत्र तेच, पण टाकी आपली स्वतःची.

कप्प्यावर पहिल्या वर्षी निम्मी सवलत होती. मी त्याच्याही निम्मे मागितले. त्यांनी माहितीपत्रकातली बारीक ओळ मलाच मोठ्याने वाचायला लावली: दुसऱ्या वर्षापासून पूर्ण दर. मी भडकलो. सवलत कसली, हा गळ आहे, म्हणालो.

"गळाचं मला नका सांगू, शेठ. मी ठाण्याच्या कोळीवाड्यातला. हा गळ कंपनीचा आहे, आणि तो मी तुम्हाला दाखवतोय."

मी उठलो आणि पायऱ्या उतरू लागलो. कसं उतरायचं ते तुम्हालाही माहीत आहे: सावकाश, कान मागे ठेवून. दुसऱ्याच पायरीवर हाक आली.

"या वर. दिला. तुमच्या दरात, आणि पुढच्या वर्षीही त्याच."

त्यांना कसं नमवलं, हे मी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो. साइट झटकन उघडायची. ती ऑर्डर आली, तिच्यामागून आणखी दोन आल्या.

वर्ष संपताना गेलो तर शटर बंद. शेजारच्या झेरॉक्सवाल्या बाईंनी सांगितलं, महिना झाला, झोपेतच गेले. मग विचारलं, "वॉशरवाले तुम्हीच ना?" आणि त्यांनी आधीच माझ्यासाठी ठेवायला दिलेलं एक पाकीट दिलं. आत कप्प्याचा पासवर्ड होता, त्यांच्या अक्षरात.

बाकीचं बाईंकडून कळलं. माझ्या दरात कप्पा कुठेच मिळत नव्हता. मला दिलेला त्यांचा स्वतःचा होता. त्यात त्यांची साइट होती: खाडीच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि वाडीतल्या जुन्या होड्यांचे फोटो. त्यांनी ती सामाईक नळावर नेली आणि टाकी मला दिली.

"फोटो उघडेचनात हो नंतर," बाई म्हणाल्या. "मी बोललेसुद्धा. तर म्हणाले, होड्या थांबतील. त्याचं गिऱ्हाईक थांबणार नाही."

मी पायऱ्या उतरलो. सवयीने, सावकाश. तिसरीवर थांबलो. बराच वेळ थांबलो.

मी आयुष्यात एकही सौदा फुकट जिंकलेलो नाही. हा एक त्यांनी मला जिंकू दिला आणि वर्षभर मिरवू दिला. समोर बसून हरण्याचा हक्क त्यांना कोणी दिला? याचा जाब मला हवा आहे. ते नसतील, तर दुसऱ्या कुणीतरी द्यावा.