चांगल्या घरचा मुलगा

दहिवलीहून मी निघाले त्या सकाळी बाबा ओटीवर पाठ करून बसले होते. आई माझ्या ट्रंकेला दोरी बांधता बांधता पुटपुटली, "एक सही तर करायची होती गं. आमाला हितंच ऱ्हायचं हाय."

हे लिहितेय ते तुमच्यासाठी, माझ्याबरोबर पुण्याच्या कॉलेजात गेलेल्या कर्जत-खालापूरच्या हुशार पोरांनो. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. विसरला असाल, सोयीस्कर विसरण्यात तुमचा हात कोण धरणार! वादविवाद स्पर्धेचा विषय होता, बलात्काऱ्याला फाशी द्यावी का. काय गर्जत होतात! भर चौकात लटकवा म्हणे. गिरणीवाल्यांचा विलास तर मूठ आपटून बोलला आणि तुम्ही बाकं वाजवलीत. मीही वाजवलं. अक्कल कुठे होती?

दिवाळीच्या सुट्टीत त्याच विलासने भातगिरणीत कामाला येणाऱ्या सुमनवर हात टाकला. हात टाकला काय म्हणतेय मी, बलात्कार केला. सुमन आमची शेजारीण. तिने पोलिसांत तक्रार दिली आणि आठ दिवसांत कोर्टात द्यायला तुमचा अर्ज तयार! विलास चांगल्या घरचा मुलगा आहे, एका चुकीपायी त्याचं करिअर बरबाद होऊ नये. वा रे फाशीवाले! अनोळख्याला फास, आणि आपल्यातला निघाला की चूक. खाली तुम्हा सगळ्यांच्या झोकदार सह्या. शेजारच्या मुलीची सही असली की वजन येईल, म्हणून आमच्या ओटीवर आलात. वर चहाही ढोसलात. लाज कशी ती नाहीच.

मी अर्ज परत केला. आमचं भात त्याच गिरणीत जायचं. बाबा एवढंच म्हणाले, "मंग हितं ऱ्हाऊ नको."

विलास सुटला. मी पुण्यात टायपिंग शिकले, नोकरी धरली, कॉट बेसिसवर राहिले. दोन वर्षांनी न राहवून दहिवलीला गेले, तर बाबांनी मला पाहून दार लोटून घेतलं. मी रस्त्यातच रडत उभी. सुमनने तिच्या अंगणातून हाक मारली.

"कोर्टात त्या अर्जावरची सगळी नावं वाचली," ती म्हणाली. "तुजं येतंय का म्हणून मी कान लावून बसलेली. नाय आलं. चल, जेवून घे."

आता दर दिवाळीला मी माहेरी जाते. सुमनकडे.