एकनाथ मिस्त्रींचा अडकलेला चक

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. दारात वर्कशॉप असलं की माणसं येतात, काम होईपर्यंत बसतात, बसली की बोलतात. माणसं निघून जातात, बोलणं मागं राहतं. आमच्याकडं तर एकट्या चकापायी इतकं बोलणं साचलं की झाडून काढायला बसलं तर दिवस पुरायचा नाही!

तर आटपाट तीर्थपुरी होती. तिथं राहत होते एकनाथ मिस्त्री, म्हणजे आमचे मालक, त्यांची बायको मी गोदा, लेक भागवत, सून सुमन, आन् पाचवी आमची लेथ मशीन. मशीनच्या तोंडाला जो जाड गोल गट्टू असतो, लोखंड जबड्यात धरून फिरवणारा, तो चक. डब्याच्या झाकणासारखा आट्यांवर बसतो. काम बदललं की काढायचा. आमचा एकदा बसला तो निघेचना!

*

त्या दिवशी उसाच्या चरकाचं मोठं चाक आलं होतं. एवढं चाक चकात मावत नाही, चक काढून तिथं मोठी प्लेट लावावी लागते. मालकांनी जोर लावला, भागवतनं लावला. हलेना.

मालकांचा नियम एकच. आटे पुसायचे, तेल लावायचं आन् चक हातानं चढवायचा. मोटर चालू करून चढवला की तो आवळून बसतो. ते भागवतवर धावून गेले. "मोटरवर चढवलास ना?"

"दादा, मी न्हाई चढवला."

"मंग काय भुतानं चढवला?"

गिऱ्हाइकासमोर बोलले हो! भागवतनं हात धुतले, चपला घातल्या आन् जालन्याची बस पकडली. एमआयडीसीत सळ्यांच्या मिलमध्ये लागला, तापलेलं लोखंड चिमट्यानं ओढायला. तो तिकडं, सुमन इकडं. बापलेकाचं बोलणं बंद.

मी कोणाचं खरं मानलं? मालकांचं. कामात चुकलेले मी त्यांना कधी पाहिलेच नव्हते. लेकाला बसच्या फाट्यापर्यंत सोडायलाही गेले नाही.

*

शेजारी वेल्डिंगवाले हमीदचाचा, मालकांचे लहानपणचे दोस्त. त्यांनी चार माणसं गोळा केली. चकाच्या जबड्यात सहा फुटी पाईप धरला आन् चौघं त्याला लटकले. कडाड! आम्ही म्हटलं, सुटला!

पाहतो तर पाईप वाकलेला. आन् मशीनच्या आतल्या गिअरचा एक दात तुटून खाली पडलेला. मालक तो दात तळहातावर घेऊन बसून राहिले.

चाचा म्हणाले, "एकनाथ, तुझे दोन दात गेले, हिचा एक गेला. आता दोघंबी पातळच खा!"

सगळे हसले. मालक हसले नाहीत.

*

मंग चाचांनी गॅस आणला. म्हणाले, "चक तापला की फुगतो, फुगला की ढिला होतो. बिलकुल सोपं!"

अर्धा तास तापवला. चक लाल व्हायला आला आन् आतल्या जुन्या ग्रीसनं भडका घेतला! मी दारात भांडे घासत होते. मला काय कळणार? उचलली बादली आन् ओतली सगळी चकावर! चर्रर्र झालं. वाफेत कोणाला कोण दिसेना.

वाफ विरली तसा चाचांनी कांबीनं चक हलवून पाहिला, तो आणखीच आवळला होता. म्हणाले, "वैनी, लेक माहेरी आली आन् तुम्ही वरून न्हाऊ घातलं. आता जाती व्हय ती!"

मालक एवढंच म्हणाले, "राहू द्या." त्या दिवसापासून त्यांनी वर्कशॉपच्या शेडाचं शटर उघडलं नाही. मोठी कामं घनसावंगीला जायला लागली. वर्ष सरायच्या आत मालकही गेले. भागवतशी एक शब्द न बोलता.

*

दहाव्याला गोदाकाठी पिंड ठेवला. कावळे लिंबावर बसलेले, एकही खाली येईना. भाऊबंद हात जोडून सांगायला लागले. "गोदाबाईला सांभाळू!" कावळा हलेना. "सुनंला अंतर देणार न्हाई!" तरी हलेना. ऊन चढलं. भागवत मुंडण करून मान खाली घालून उभा.

हमीदचाचा लांब बाभळीखाली उभे होते. त्यांना राहवेना. तिथूनच ओरडले, "अरे भागवत, चक का बोल ना!"

भागवतनं पिंडाकडं पाहत हात जोडले. मंग हळूच म्हणाला, "दादा, चक मी काढतो."

कावळा उतरला!

भटजी म्हणाले, "इतके पिंड ठेवले, चकासाठी अडलेला माणूस पहिल्यांदा पाहिला."

लोकांना बरं वाटलं. मला नाही वाटलं. न केलेली चूक पोरगं कबूल करून राह्यलंय की केलेली, हे मला कळेना. आन् विचारायची हिंमत होईना.

*

मशीन बंद आहे हे भंगारवाल्याला सगळ्यात आधी कळतं. आला काटा घेऊन. "आजी, चकासकट घेतो. काढायची कटकटच न्हाई!"

माझं मन डळमळलं होतं, खोटं कशाला सांगू. पण सुमन आतून पदर खोचत आली. "भाऊ, आमच्या यांनी दादांना वचन दिलंय. ते आधी काट्यावर ठेव आन् सांग किती किलो भरतं!"

गेला बिचारा. जाताना म्हणाला, "लय जड घर हाय हे."

*

मंग भागवत दर रविवारी येऊ लागला. चाचांनी सांगितलं, "आता ठोकायचं न्हाई, तापवायचं न्हाई. सबर करायचा." गिअरचा तुटलेला दात त्यांनी वेल्डिंगनं भरला आन् मशीनच्या मागचं चाक पाचरी मारून जाम केलं. जबड्यात नवा पाईप धरला आन् त्याच्या टोकाला माझ्या जात्याची वरची तळी बांधून सोडली. रोज सकाळी सुमन चकाच्या मागच्या फटीत डिझेल सोडायची. तळी तशीच लोंबत राहायची. एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

चौथ्या रविवारी दुपारी पत्रा तापून तडतडत होता. आम्ही सावलीला भाकरी खात होतो. शेडातून आवाज आला, धप्प! तळी जमिनीवर टेकली होती. चक फिरला होता!

भागवत उष्ट्या हातानंच धावला. आता चक हातानं फिरायला लागला, एकेक आटा, एकेक आटा. शेवटी त्यानं तो पोटाशी धरून उतरवला.

आतल्या आट्यांमध्ये एक चिंधी पिळून घट्ट गुंडाळलेली होती. मोटर फिरल्याशिवाय चिंधी अशी पिळत नाही, हे मलाही कळत होतं. डिझेलनं काळी झालेली, पण टोकाला रंग राहिला होता. लाल.

मालकांचं जुनं लाल पागोटं फाटलं तेव्हा त्याच्या चिंध्या करून त्यांनी हात पुसायला खांद्यावर ठेवल्या होत्या. त्या चिंध्यांना ते दुसऱ्या कोणाला शिवू देत नसत. भागवत तर जुन्या बनियनला हात पुसायचा.

चाचा चिंधीकडं बघतच राहिले. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात भागवतनं ती ओढून काढली आन् मुठीत दाबली.

म्हणाला, "चाचा, माझीच चूक व्हती. घाईत मीच मोटरवर चढवल्ता."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी भाकरीचं ताट उचललं.

"होतं बेटा," चाचा म्हणाले, "जवानीत होतं असं."

सोमवारी सकाळी जालन्याची बस फाट्यावर हॉर्न वाजवून वाजवून निघून गेली. भागवत शेडात होता. आटे पुसून, तेल लावून, मोठी प्लेट हातानं चढवून राह्यला होता. सुमननं शटर पार वरपर्यंत ढकललं होतं, आन् घनसावंगीहून परत फिरलेला चरकवाला यंदा पुन्हा झिजलेलं चाक घेऊन दाराशी उभा होता.